मामेभावाची थट्टा

आमच्या मोशुपा गावात त्या हिवाळ्यात सोळा अमेरिकन मुलं-मुली शिकायला येणार, असं चावडीवर जाहीर झालं, तेव्हा मी बायकांच्या मागच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. पुढे दोन वर्षं ती देशभर शाळांत नि दवाखान्यांत सेवा करणार होती. त्याआधी दहा आठवडे आमच्या घरांत राहून भाषा शिकणार, रीतभात शिकणार. गावप्रमुख म्हणाले, "ज्यांच्याकडे रिकामी खोली आहे आणि धड संडास आहे, त्यांनी एकेक पाहुणा ठेवायचा."

माझा नवरा पलीकडे दक्षिण आफ्रिकेत खाणीत कामाला. आदल्या डिसेंबरात सुट्टीवर आला तेव्हा त्याने नवा संडास बांधला होता. पत्र्याचं दार, वर हवेसाठी उंच नळी. मी काही बोलायच्या आत माझी शेजारीण माटिरो उभी राहिली.

"माबासादीकडे द्या की! तिचा संडास माझ्या घरापेक्षा चांगला आहे. पाहुणी त्यातच राहील."

चावडी हसली आणि माझं नाव लिहिलं गेलं. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण माझ्या घराच्या मागच्या खोलीत बसलेलं होतं.

त्या कारणाचं नाव मोलेफी. माझ्या भावाचा मुलगा, वीस वर्षांचा. माझा भाऊ तरुणपणीच पलीकडे गेला, तिथलाच झाला. त्याच्या पोराने तिथल्या गोऱ्या सरकारविरुद्ध मोर्चे काढले, पत्रकं वाटली, दोन मित्र पकडले गेले तसा हा सीमेच्या तारेखालून सरपटत आमच्याकडे आला. त्याआधीच्या वर्षी सीमेपलीकडचे सैनिक आमच्या राजधानीत शिरून, निर्वासितांची घरं नेमकी हुडकून, झोपलेल्या माणसांना मारून गेले होते. कुणीतरी त्यांना घरं दाखवली होती, त्याशिवाय का? म्हणून मोलेफीचं नाव मी कुठल्याच कार्यालयात नोंदवलं नाही. ऑगस्टअखेर त्याला उत्तरेला, झांबियात पोचवायला एक ओळखीचा माणूस येणार होता. तोवर तो माझा मुलगा. माझी बासादी तेवीस वर्षांची, हा तिच्यापेक्षा लहान, म्हणून निभावलं. आमच्यात आईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात; हा मोठा असता तर मला मामोलेफी म्हणावं लागलं असतं, आणि चाळिशी उलटल्यावर बाईचं नाव बदललं तर शेळ्यासुद्धा चौकशी करतात.

आळीतल्या सगळ्यांना खरं माहीत होतं. म्हणूनच कुणी बोलत नव्हतं. पण आता परके येणार होते, त्यांच्याबरोबर राजधानीचे मास्तर, पांढरी व्हॅन, व्हॅनचा चालक. मी मोलेफीला समोर बसवून पढवलं. "मला आत्या म्हणायचं नाही. आई म्हणायचं. झोपेतसुद्धा."

"हो, आई."

"आणि ते तुमच्या शहरातले आफ्रिकान्स शब्द तोंडातून काढायचे नाहीत."

"मग मी बोलू काय, आई? माझ्याकडे दुसरे शब्दच नाहीत."

"मग कमी बोल."

सगळं पढवलं मी त्याला. कसं बसायचं, कुणाला कसं भेटायचं, नवऱ्याच्या गुरांचे रंग कोणते. एक गोष्ट मात्र राहिली, आणि ती आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नाही. माशाला पाणी दिसत नाही, तसं झालं.

आली ती ग्वेन नावाची चोवीस वर्षांची मुलगी. आयोवा म्हणून प्रांत आहे तिकडचा, बापाची मक्याची शेती. लांब हाडांची, नाकावर ठिपके, हसताना हिरड्या दाखवणारी. पाहुण्याला आपल्यातलं नाव द्यायचं असतं. बाकीच्या घरांत आनंदाची, आशीर्वादाची नावं दिली. मी तिचं नाव ठेवलं गोइत्सेमांग. आमच्यात पुष्कळ मुलींचं असतं ते. त्याचा अर्थच 'कोण जाणे'. मास्तरांनी अर्थ सांगितला तर तिला फार आवडलं. माटिरो माझ्या कानाशी म्हणाली, "तिला वाटतंय तू लाडाने ठेवलंस."

खोटं कशाला बोलू, मुलगी कामाची होती. पहाटे माझ्याआधी उठून अंगण झाडायची. शेण-मातीने सारवायला शिकली, तेही कोपरापर्यंत हात घालून. आंबट आंबील नाक न मुरडता प्यायची. पण तिच्याजवळ एक वही होती. काही झालं की ती वही निघायची. शेळी व्याली, लिही. मी माटिरोशी भांडले, लिही. मोलेफीने चहात चार चमचे साखर घातली, तेसुद्धा लिही.

"काय लिहितेस गं?" मी विचारलं.

"मास्तर सांगतात. रोज पाच गोष्टी. जे पाहिलं ते."

"कुणाला दाखवायच्या?"

"मास्तरांना. कधी कधी."

कधी कधी! जे पाहिलं ते लिहून दुसऱ्याला द्यायचं, या धंद्याला आमच्याकडे दुसरं नाव होतं.

तिचे प्रश्नही तसलेच. मोलेफी चावडीवर का जात नाही? तो रानात गुरांकडे का नाही राहत, बाकीची मुलं राहतात तशी? त्याच्या पायात गुळगुळीत तळव्यांचे शहरी बूट कसे? मी सांगायचे, तो छातीने अधू आहे. मग मोलेफी दोन दिवस खोकायचा आणि तिसऱ्या दिवशी विसरायचा.

व्हॅनचा चालकही मला पटत नव्हता. उंच, गप्प माणूस. रोज मुलांना शाळेत न्यायला यायचा आणि आमच्याच दारात थांबून पाणी मागायचा. पाहुण्यांची सोळा घरं होती गावात, सगळ्यांच्या रांजणात पाणी होतं.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी ग्वेन वर्गाला गेली असताना मी तिची वही बासादीच्या हातात दिली. बासादी दवाखान्यात मदतनीस होती, तिला इंग्रजी वाचता येत होतं.

"आई, हे बरं नाही."

"बरं-वाईट मागाहून. वाच."

तिने पानं उलटली. सारवण, आंबील, शेळी. मग ती थांबली. तोंड उतरलं.

"काय लिहिलंय?"

"लिहिलंय, बासादी आणि मोलेफी पाण्याच्या नळावर लग्नाची थट्टा करतात. पुढे 'भाऊ-बहीण', आणि त्याच्यापुढे दोन प्रश्नचिन्हं."

रीत तुम्हाला वेगळी सांगायला नको. आतेभावंडं-मामेभावंडं एकमेकांची थट्टा करणारच, कारण त्यांची लग्नं होऊ शकतात. सख्ख्या भावंडांत मात्र तसला शब्द तोंडातून काढणं म्हणजे पाप. मोलेफी हा बासादीचा मामेभाऊ. तो आल्यापासून दोघांचं अंगणात नि नळावर चालूच असायचं. तो म्हणायचा, "बासादी, उद्या आठ गाई घेऊन येतो, तयार राहा." ती म्हणायची, "तुझ्याकडे एक शेळी नाही, आणि जिचं दूध पितोस ती माझ्या आईची आहे. आधी नाक पूस, मग नवरा हो." आम्ही सगळे हसायचो. माटिरो हसायची, मी हसायचे. जीभ मी पढवली होती, रक्त पढवायचं राहून गेलं होतं. आणि जी चूक आख्ख्या आळीला दिसली नाही, ती त्या परक्या पोरीला चार आठवड्यांत दिसली, कारण ती शाळेत बसून आमची नाती धड्यासारखी पाठ करत होती.

त्याच आठवड्यात तिने हसत येऊन सांगितलं, "आई, आता मोठं काम. घराचा वंशवृक्ष काढायचा. कोण कुणाचा कोण. शेवटच्या दिवशी शाळेच्या भिंतीवर लावणार. सगळं गाव येणार पाहायला."

मी चुलीत लाकूड सारत राहिले.

"आणि एक विचारू? वर्गात सांगितलं, लग्नाची थट्टा फक्त आते-मामेभावंडांत. पण बासादी आणि मोलेफी तर..."

"आमच्या कुळात सख्खी भावंडंही करतात," मी म्हणाले. "जुनी पद्धत आहे. बाकीच्यांना माहीत नसते."

"असं का?" ती म्हणाली. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं तिने. मग वही काढली आणि लिहून घेतलं.

मला वाटलं, मिटलं. खोटं बोलणाऱ्याला नेहमी तसंच वाटतं.

तीन दिवसांनी दुपारी लेसोले मास्तर स्वतः दारात. माटिरो माझ्याजवळ शेंगा सोलत बसली होती. मोलेफी कोपऱ्यात कुंपणाचं दार दुरुस्त करत होता. मास्तरांच्या मागे ग्वेन, आणि तिच्या मागे, पाणी मागायच्या निमित्ताने, चालक.

नमस्कार-चमत्कार झाले. तब्येती विचारून झाल्या. गुरं विचारून झाली. मग मास्तर म्हणाले, "माबासादी, तुमच्या लेकीने आज वर्गात काय सांगितलं ठाऊक आहे? म्हणे मोशुपात अशी घरं आहेत जिथे सख्खे भाऊ-बहीण एकमेकांना लग्नाचं विचारतात! मी वीस वर्षं शिकवतोय. असं कुणाकडून ऐकलं तिने?"

माटिरोच्या हातातली शेंग खाली पडली. मोलेफीची हातोडी थांबली. चालकाने ओठाला लावलेला पेला तसाच राहिला, आणि पेल्याच्या कडेवरून त्याचे डोळे मोलेफीवर गेले.

काय सांगणार? पद्धत आहे म्हटलं तर मास्तर आजूबाजूला विचारणार. नाही म्हटलं तर मग या घरात थट्टा कोण करत होतं, आणि ते सख्खे कसे?

ग्वेनने माझ्याकडे पाहिलं. मग मोलेफीकडे, मग चालकाकडे. आणि ती आपल्या मोडक्या बोलीत म्हणाली, "मास्तर, चूक माझं. कुणी नाही सांगितलं. मी केला. मी मोलेफीला म्हटलं, माझा नवरा हो. तो लाजला. आई हसली. मला वाटला, इथे चालतो."

माटिरो मांडीवर हात मारून ओरडली, "अगं बाई! सोळा घरं सोडून स्वतःच्या भावालाच?"

"भाऊ आहे, ते विसरला," ग्वेन म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"विसरला! ऐका, विसरला म्हणते!" माटिरो इतकी हसली की डोळे पुसायला लागली. मास्तर मात्र हसले नाहीत.

"तू या घराची मुलगी आहेस," ते तिला म्हणाले. "मोलेफी तुझा भाऊ. हा पहिलाच धडा आहे, गोइत्सेमांग. आणि वर माझ्याशी खोटं बोललीस की ही इथली पद्धत आहे म्हणून. हे मला लिहावं लागेल. तुला कामावर पाठवायचं की घरी परत, ते वर ठरवतील."

"हो, मास्तर," ती म्हणाली.

चालकाने पेला रिकामा केला, दोन्ही हातांनी मला परत दिला, आणि आभार मानून निघून गेला.

सगळे गेल्यावर माटिरो म्हणाली, "वेडी आहे पोरगी. पण वाचवलं हो तिने तुला."

"वेडी नाही," मी म्हणाले. "वेड्या माणसाला इतकं झटकन खोटं सुचत नाही. तेही परक्या भाषेत."

"म्हणजे?"

"म्हणजे तिला सगळं कळलंय. आणि कळूनही आपल्याला मुठीत ठेवलंय. कशासाठी?"

माटिरो उठली. "तुझ्या अंगणात देव आला तरी तू त्याला आधी पास विचारशील," असं म्हणून शेंगा घेऊन घरी गेली.

तिला बोलायला काय जात होतं? पोर माझ्या भावाचं होतं. आमच्यात आत्या ही बापाच्या जागी असते. त्याला काही झालं असतं तर मी भावाला तोंड दाखवू शकले नसते, या जगात नाही आणि पितरांतही नाही. जो माणूस आपल्यासाठी फुकट खोटं बोलतो त्याची मला तेव्हा जास्त भीती वाटायची. फटकारणाऱ्याचं मोजमाप घेता येतं, उपकार करणाऱ्याचं घेता येत नाही.

तिन्हीसांजेला मी मोलेफीला सांगितलं, "उद्या उजाडायच्या आत माटिरोच्या नवऱ्याबरोबर गाढवगाडीतून निघायचं. गुरांच्या तळावर जाऊन राहा. झांबियाचा माणूस तिथे पाठवीन."

मला वाटलं, वाद घालेल. हा मुलगा मिठावरूनही वाद घालणारा. पण तो नुसता म्हणाला, "बरं, आत्या."

किती आठवड्यांनी त्या तोंडून तो शब्द ऐकला. मी त्याला रागावलेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ग्वेनने अंगण झाडताना त्याची खोली उघडी पाहिली. काही विचारलं नाही. रोज प्रश्न विचारणारी मुलगी, तिने या एका गोष्टीबद्दल चकार शब्द काढला नाही. तेही मला खटकलं.

पुढचे पाच आठवडे मी तिला जेवायला वाढलं, आंघोळीचं पाणी तापवून दिलं, सगळं केलं, पण मन कधी मोकळं केलं नाही. ती दुपारी मास्तरांकडे जादा धडे घ्यायची, शिक्षा म्हणून. बाकीची मुलं तिला चिडवायची. तिने एकदाही माझ्याकडे तक्रार केली नाही.

शेवटच्या दिवशी शाळेत सगळं गाव जमलं. भिंतीवर सोळा कागद. आमच्या घराचा कागद मी अक्षर न वाचताही ओळखला, कारण कडेला तिने आमच्या शेळ्या काढल्या होत्या. बासादीने बोट ठेवून दाखवलं. मी, माझा नवरा, खाली बासादी, तिच्या शेजारी मोलेफी. मुलगा. हिरव्या शाईत, नीट, बाकी सगळ्यांच्या जाडीचं अक्षर.

चालक हात मागे बांधून एकेक कागद वाचत येत होता. आमच्या कागदापाशी तो थांबला.

"बाई, हा तुमचा मुलगा हल्ली दिसत नाही?"

"गुरांकडे आहे."

"छातीने अधू होता ना?"

"म्हणूनच. रानातली हवा चांगली."

"कुठल्या तळावर?"

"ते माझ्या नवऱ्याला माहीत. डिसेंबरात येईल तेव्हा विचारा."

आजूबाजूच्या बायका हसल्या. तोही हसला आणि पुढच्या कागदाकडे गेला. तो कुणाचा माणूस होता की नुसता चौकस माणूस होता, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

ग्वेनला परत पाठवलं नाही. खूप वर, माऊनकडच्या एका दवाखान्यात नेमलं. निघताना तिने माझे दोन्ही हात धरले. "आई, मोलेफीला सांगा..."

"काय सांगू?" मी म्हणाले. माझा आवाज मलाच सुरीसारखा वाटला.

तिने हात सोडले. "काही नाही. थंडी फार आहे, जपून राहा म्हणावं."

व्हॅन गेली. सप्टेंबरच्या सुरुवातीला तळावरून निरोप आला, माणूस येऊन मोलेफीला घेऊन गेला. नंतर किती तरी महिने काहीच नाही. मग झांबियातल्या लुसाकाहून एक चित्राचं कार्ड आलं, सही नसलेलं, त्यावर आठ गाई. बासादी ते पाहून चुलीपाशी बसून रडली आणि हसली.

ग्वेनची पत्रं दर नाताळला यायची. आधी माऊनहून, मग तिच्या देशातून. मास्तर कसे आहेत, माटिरोचं गुडघ्याचं दुखणं, पाऊस झाला का. लग्न झाल्याचं कळवलं, मुलगा झाल्याचं कळवलं. मोलेफीबद्दल मात्र कधीच काही नाही. बासादी म्हणायची, उत्तर लिहूया. मी म्हणायचे, पुढच्या वर्षी. सगळ्यांची विचारपूस करते आणि एकालाच वगळते, याचा अर्थ काय, हे मला आधी कळायला हवं होतं.

सात वर्षांनी मोलेफी आला. तिकडे वारं फिरलं होतं, तो आपल्या घरी परतला होता, आणि बायकोला आत्या दाखवायला घेऊन आला होता. जाडा झाला होता. अंगणात बसून मटण खाताना त्याने विचारलं, "ती गोइत्सेमांग कुठे असते?"

"तिच्या देशात. का?"

"तिचा नीट निरोप घेतला नाही मी. मास्तर आले होते ना घरी, त्या संध्याकाळी ती मला शेळ्यांच्या गोठ्यापाशी गाठायला आली. म्हणाली, तू जा इथून, लवकर. चालक मला रोज गाडीत विचारतो, तुझा भाऊ कुठले शब्द बोलतो, कुठले बूट घालतो. मी सांगते, मला भाषा कळत नाही. पण तो विचारायचं थांबत नाही."

माझा घास हातात राहिला. "आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तिनेच नको म्हणून सांगितलं. म्हणाली, आई माझ्यावर विश्वास ठेवत नाही. मी सांगितलं असं कळलं तर ती तुला उलट थांबवून ठेवेल."

बासादीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती रश्शाचं भांडं घेऊन आत गेली, आणि येताना कागद-पेन घेऊन आली.

"आता सांग, आई. काय लिहू?"

मोलेफीची बायको, बिचारी नवी, एकदा माझ्याकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहत होती. ग्वेन त्यानंतर पाच आठवडे माझ्या हातचं जेवली, माझ्या तोंडाकडे पाहत, आणि एका शब्दाने बोलली नाही. वर सात वर्षं पत्रांत त्याचं नाव टाळलं, कारण पत्रं दुसरेही उघडतात, हे तिला माझ्याइतकंच कळत होतं.

"लिही," मी म्हणाले, "तो चालक असं विचारतो हे मोलेफीला सांग, असं तुला कुणी सांगितलं होतं का? की तुझं तूच ठरवलंस?"

बासादीने पेन खाली ठेवलं. "आई!"

"काय आई? विचारायला नको?"

"आधी 'मोलेफी सुखरूप आहे' हे लिहिते. सात वर्षं थांबलीय ती."

"बरं, ते आधी लिही," मी म्हणाले. "आणि खाली लिही, आई म्हणते, तू ये. पण माझा प्रश्न गाळू नकोस."